उभ्या गाड्यांची बाई

भंडाऱ्याच्या डेपोत रत्नमाला रामटेके कंडक्टर म्हणून लागली, तेव्हा बाई कंडक्टर हे लोकांना नवलच वाटायचं. खेड्यापाड्यातले म्हातारे तिकीट हातात घेऊन आधी तिच्याकडे बघायचे, मग तिकिटाकडे, आणि दोन्ही खरं आहे ना अशी शेजाऱ्याकडून खात्री करून घ्यायचे. पुढं त्यांना सवय झाली. रत्नमालाचा आवाजच असा होता की सवय न होऊन सांगता कुणाला. "पुढं चला" असं तिनं दारातून म्हटलं की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही उठून पुढं सरकायचा. उभी नोकरी उभ्यानं करून ती निवृत्त झाली, डेपोतल्या ड्रायव्हरांनी हार घातला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळलं की आपल्याला घरात बसता येत नाही.

तिच्या नवऱ्याला, बाबुलालला, ते छान येत होतं. तो फॅक्टरीतून तिच्या आधीच निवृत्त झालेला. सकाळी अंगणात खुर्ची टाकायची, पेपर उघडायचा, ऊन अंगावर आलं की खुर्ची सरकवायची, असं त्याचं कामकाज संध्याकाळपर्यंत चालायचं. मुलगी रक्षा पुण्याला नोकरीला. घरात दोघंच, आणि दोघांतला एक सदा समाधानी. रत्नमालाचं वजन वाढलं, साखर वाढली, आणि डॉक्टरनं सांगितलं, रोज सकाळी चालत जा.

ती खांब तलावाकडं जाऊन बघून आली. तिथं अर्धं गाव चालत होतं. काही दिवस तीही चालली. मग एका सकाळी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "गोल गोल फिरून तिथंच यायचं, याले काय चालणं म्हणतेत? त्यापेक्षा आमची गाडी बरी. पवनीपर्यंत तर जाय."

"मग गल्लीबोळातून जा," बाबुलाल पेपरातून म्हणाला. "कोणं अडवलं?"

तो सहज बोलला, पण रत्नमालानं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती तलाव सोडून वस्तीत शिरली. रोज नवी गल्ली. अशाच एका गल्लीत राईस मिलवाल्यांच्या जुन्या घरामागं तिला ती गाडी दिसली. सायीच्या रंगाची, जुन्या घाटाची, गोलमटोल. चाकांत हवा नव्हती, टपावर धानाच्या तणसाचा भारा ठेवलेला, आणि मागच्या काचेतून एक कोंबडी बाहेर बघत होती. मागच्या सीटवर ती अंड्यांवर बसली होती आणि तिच्या नजरेत असा तोरा होता, की ड्रायव्हर तेवढा यायचा बाकी आहे, आला की निघू.

रत्नमाला खूप वेळ उभी राहिली. मग पिशवीतून फोन काढला, एक फोटो घेतला आणि पुण्याला रक्षाला पाठवला. रक्षाचं उत्तर आलं, "आई, अजून असे पाठव."

इथून ते सुरू झालं.

गाड्यांमधलं तिला काही कळत होतं असं नाही. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, इंजिन केवढं, तिला सांगता येत नसे आणि विचारायची हौसही नव्हती. तिला गाडी उभी कशी आहे ते बघायचं असे. सगळी नोकरी धावत्या गाडीत गेली. खिडकीतून दिसायचं ते सर्रकन मागं जायचं, आणि तिकिटं फाडणाऱ्या बाईला खिडकीतून बघायला फुरसत कुठली. आता एक गाडी एका जागी उभी आहे, आपण तिच्यासमोर उभे आहोत, आणि मागून कुणी डबल बेल मारत नाही, याचंच तिला सुख वाटे.

बघता बघता तिचे नेम ठरून गेले. गाडी उभी पाहिजे. आत माणूस नको. हात लावायचा नाही. मालक दिसला तर विचारायचं, नाही म्हटला तर तोंड वाकडं न करता पुढं चालायचं. आणि घरी आल्यावर फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकायचा, खाली एक ओळ लिहून.

खात रोडला एक इवलीशी पिवळी गाडी होती, तिच्या दिव्यांवर कुणी पापण्या चिकटवल्या होत्या. एका बाजूची पापणी गळून पडली होती. रत्नमालानं खाली लिहिलं, "हिनं डोळा मारला." बाजाराच्या मागं एका व्हॅनची मागची दारं काढून आत इस्त्रीचं दुकान थाटलेलं होतं, दांडीवर शाळेचे गणवेश टांगलेले. तिथं तिनं लिहिलं, "सगळ्या सवाऱ्या कडक इस्त्रीत." एका बंद पडलेल्या अ‍ॅम्बेसेडरवर दोडक्याचा वेल चढला होता. घरातल्या बाईनं फोटो काढू दिला आणि जाताना पिशवीभर दोडकेही दिले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उभी असलेली एक गाडी तर तिला फारच आवडली. झेंडू सुकलेले, नवरा-नवरीच्या नावाचा थर्माकोल अर्धा निघालेला, आणि वायपरमध्ये अडकलेलं एक विड्याचं पान.

डेपोतले जुने सोबती रोज सकाळी तिचं स्टेटस बघू लागले. कुणीतरी तिचं नाव पाडलं, उभ्या गाड्यांची बाई. ते डेपोतून बाजारात आणि बाजारातून तिच्याच घरी आलं.

"डॉक्टरनं चालाले सांगतलं, फोटो काढाले नाई," बाबुलाल म्हणाला.

"चालता चालताच काढून राहिली न जी."

"लोकायच्या गाड्यायचे फोटो. कोणी विचारलं तर काय सांगशीन?"

"सांगीन, गाडी चांगली दिसली म्हणून काढला."

"असं या दुनियेत कोणी मानत नाई," बाबुलाल म्हणाला आणि त्यानं खुर्ची उन्हातून सावलीत घेतली.

तो म्हणाला ते थोड्याच दिवसांत खरं ठरलं, पण त्याला वाटलं होतं तसं नाही.

नव्या लेआउटमध्ये संघपाल गणवीर नावाचा एक तरुण राहत होता. तहसीलमध्ये कारकून, घरात तो आणि त्याची विधवा आई वच्छलाबाई. त्यानं हौसेनं मोठी पांढरी गाडी घेतली होती. घरी आणल्यावर कळलं की गाडी अंगणापेक्षा लांब आहे. त्यानं समोरच्या भिंतीचा तुकडा तोडला, तरी गाडीचं शेपूट रस्त्यावरच. फाटक लागेना. उघड्या फाटकातून गाई आत शिरून तुळस खाऊ लागल्या, तेव्हा वच्छलाबाईंनी गाडीच्या दोन्ही बाजूंना आपल्या जुन्या हिरव्या साडीचा पडदा बांधला. आता ती पांढरी गाडी हिरव्या पडद्यातून मागं डोकावत असायची, जशी नाटकातली पात्रं प्रेक्षक किती आलेत ते बघतात.

रत्नमालानं ते पाहिलं आणि तिला राहवलं नाही. एक फोटो मागून घेतला, एक बाजूनं. तेवढ्यात पडदा सरकला आणि वच्छलाबाई बाहेर आल्या. त्यांनी रत्नमालाला आपादमस्तक न्याहाळलं, नीट नेसलेली साडी, हातात फोन, चेहऱ्यावर पसंतीचा भाव. त्यांचा चेहरा उजळला.

"कोणाकडून आल्या जी तुमी?"

"मी न, खात रोडकडून."

"बसा न आत. उभ्या उभ्या काय पाहता. आत येऊन सगळं पाहा."

"मले पुढूनही पाहाची होती," रत्नमाला मोकळेपणानं म्हणाली.

"पाहा न जी. पुढून पाहा, मागून पाहा. आमचं लपवासारखं काईच नाई."

गाडीचा इतका अभिमान असलेली बाई रत्नमालाला प्रथमच भेटत होती. ती आत गेली. तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीत फोडणी चरचरली. वच्छलाबाई कांदा चिरता चिरता बोलत होत्या.

"शांत आहे फार. आवाज म्हणून नाई."

"हो, नव्याचा आवाज कमीच राहते."

"आन पीत काईच नाई."

"थोडं तर लागतच असन," रत्नमाला म्हणाली. "पेट्रोलशिवाय कशी चालन?"

आतला कांदा चिरायचा थांबला. "पेट्रोल त गाडीले लागते जी."

"गाडीचंच म्हणून राहिली मी."

"मी संघपालचं सांगून राहिली," वच्छलाबाई दारात येऊन म्हणाल्या. त्यांच्या एका हातात सुरी होती आणि दुसऱ्या हातात, कधी घेतला कुणास ठाऊक, मुलाचा कोट घातलेला फोटो होता. "तुमी पोरीकडच्या नाई का?"

रत्नमालाच्या आता लक्षात आलं. ती उठून उभी राहिली. फोन पुढं करून तिनं आपला सगळा प्रकार सांगितला, कोंबडी दाखवली, दोडके दाखवले, पापणीवाली गाडी दाखवली. वच्छलाबाई एकेक फोटो बघत गेल्या. मग त्या हळूच खाली बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला.

"इतके दिवस झाले, कोणी पोराले पाहाले येते का म्हणून वाट पाहून राहिली मी," त्या म्हणाल्या. "आली, त गाडी पाहाणारी आली."

"माफ करा जी. मी जातो."

"कुठी जाता? पोहे टाकले मी." त्या उठल्या. "खा आन मग सांगा, ते कोंबडीवाली गाडी कोणत्या गल्लीत आहे. मी इथं इतकी वर्सं राहून राहिली, मले कशी नाई दिसली?"

त्या दिवशी रत्नमाला पोहे खाऊन घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी वच्छलाबाई हजर होत्या, पायांत मुलाचे जुने बूट घालून.

दोघींची जोडी जमली. रत्नमाला सरळ चालणारी, वच्छलाबाई दर दारात थांबणारी. पण गाव वच्छलाबाईंच्या ओळखीचं. कुणाच्या मागच्या अंगणात काय झाकून ठेवलंय, कुणाच्या सासऱ्यानं कुठली गाडी आणली आणि कुणाच्या जावयानं ती कुठं ठोकली, हे त्यांना ठाऊक असायचं. आणखी एक फायदा झाला. एकटी बाई फोटो काढताना दिसली तर लोक विचारायचे. दोन बाया दिसल्या तर लोकांना वाटायचं, काहीतरी सरकारी पाहणी चालली असेल, आणि ते मुकाट्यानं वाट सोडायचे.

पावसाळा सरून धान कापणीला आलं तेव्हा एकदा वच्छलाबाई म्हणाल्या, "माझं माहेर कारध्याचं. तिथं एक जीप आहे वो, नदीच्या बाजूनं. एक म्हातारा तिच्यातच बसून राहते. तुमच्या कामाची आहे."

"आत माणूस असला त मी नाई काढत."

"अवो, तो जेवाले त उठतच असन ना."

दोघी ऑटोनं पूल ओलांडून कारध्याला गेल्या. वैनगंगेवर सकाळचं धुकं अजून रेंगाळत होतं. वच्छलाबाईंच्या माहेरी चहा झाला आणि मग त्या गावाच्या कडेच्या एका घराशी आल्या. घरासमोर करंजाच्या झाडाखाली जीप उभी होती. हूड कधीच गेलेलं, नुसत्या लोखंडी कमानी उरलेल्या. चाकं मातीत रुतलेली. बॉनेटवर फडकं पसरून त्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. आणि ड्रायव्हरच्या जागी, गोधडीची घडी पाठीशी घेऊन, पंच्याहत्तरी ओलांडलेला एक माणूस स्टिअरिंगवर पेपर टेकवून वाचत होता.

रत्नमालानं नेमाप्रमाणं विचारलं. "काकाजी, गाडीचा फोटो घेऊ का?"

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "नाई."

"बरं."

"भंगारवाले असेच येतेत," तो म्हणाला. "पयले फोटो नेतेत, मग गाडी घेऊन येतेत, मग पोरीले समजावतेत का बुढ्याले सांगा म्हणून. ही गाडी द्याची नाई आहे."

"नका देऊ जी," रत्नमाला म्हणाली. फोन तिनं पिशवीत टाकला. वच्छलाबाई मात्र बॉनेटवरच्या मिरच्या निरखत तिथंच रेंगाळल्या होत्या. रत्नमालानं वळून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, दारातून द्यायची तशी हाक दिली, "चला बाई, पुढं चला."

म्हाताऱ्यानं पेपर खाली केला.

"थांबा," तो म्हणाला. "तुमी एस.टी.त होत्या का?"

"होती न जी. कंडक्टर होती."

"चिचघाटच्या गाडीवर?"

रत्नमाला दोन पावलं मागं आली. त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तिनं एकेक करून बाजूला केल्यासारखं पाहिलं, आणि आतला माणूस तिला ओळखू आला.

"तुमी केवळराम," ती म्हणाली. "जीपवाले. माझ्या गाडीच्या थोडं आधी निघून सगळ्या सवाऱ्या उचलून नेत होते तुमी. मी रिकामी गाडी घेऊन अड्याळपर्यंत जाय."

"आन तुमी माही तक्रार केली होती."

"केली होती. बराबर केली होती."

"बराबरच केली होती," केवळराम म्हणाले, आणि त्यांनी बाजूच्या सीटवरची धूळ हातानं झटकली. "बसा."

चिचघाट हे नदीकाठचं गाव. गाव म्हणजे आता ते नाही. गोसीखुर्दचं पाणी चढलं तेव्हा काठावरच्या कितीतरी गावांबरोबर तेही बुडालं, आणि लोकांना दूर माळावर नवीन गावठाण मिळालं. पण त्याआधी दिवसातून दोनदा भंडाऱ्याची बस तिथपर्यंत जायची, आणि बसच्या अगोदर केवळरामची जीप. रस्त्यात दोन्ही गाड्या एकमेकींना गाठायच्या, आणि रत्नमाला दारातून आणि केवळराम स्टिअरिंगवरून एकमेकांचा उद्धार करायचे. मधल्या गावांतले लोक त्यासाठी म्हणे मुद्दाम बांधावर येऊन उभे राहायचे.

केवळरामची मुलगी रीता, जिच्या घरी ते राहत होते, ती बाहेर आली. बाप कुणाला तरी जीपमध्ये बसवून हसतोय हे पाहून ती काही न विचारता आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली.

"गाव उठलं न, त लोकायनं घरं उकलली," केवळराम सांगू लागले. "सागवानाच्या चौकटी, छपराचे कवेलू, जातं, पाटे, कोठ्या. टॅक्टर मिळे, पण टॅक्टरवाला बाहेरचा. चौकट फेकून देल्यासारखी टाके. मग लोक म्हणत, केवळराम, तूच ने. सगळ्यायचं सामान या जीपनं नेलं. किती खेपा, देव जाणे. आखरी खेप माही."

"मग तुमी तिकडं नाई राहिले?"

"घर बांधलं होतं. त्यात नीट राहाले लागलो नाई, आन माही बुढी गेली." ते नदीकडं बघत होते. "तिथून नदी दिसत नाई. पोरगी म्हणे इकडं या. इथून दिसते. मग जीप घेऊन इथं आलो, आन इथंच लावली. पुन्हा काढली नाई."

रीतानं चहाचे कप बॉनेटवर मिरच्या सरकवून ठेवले.

मग केवळराम म्हणाले, "बाई, तुमी थांबे सांगत होत्या ना, मोठ्यानं? सांगा बरं एकडाव."

"आता? इथं?"

"आता कोण तक्रार करते."

रत्नमालानं कप ठेवला. पहिलं नाव जरा दबकत घेतलं आणि मग आवाज आपोआप आपल्या जागी आला. "कारधा. पहेला. अड्याळ, अड्याळवाले उतरून घ्या. बोथली फाटा. मोहटोला, मोहटोल्यावाले सामान पाहून घ्या. चिचघाट." करंजावरचे पक्षी उडाले. शेजारच्या अंगणातून कुणीतरी डोकावलं. "चिचघाट. गाडी इथपर्यंतच आहे."

केवळराम दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत होते. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"काढा फोटो," ते म्हणाले.

ते उठायला लागले, पण रत्नमालानंच त्यांना थांबवलं. "उठू नका. तसेच बसा."

वच्छलाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. माणूस आत असलेल्या गाडीचा रत्नमालानं काढलेला तो पहिला फोटो. त्यात केवळराम समोर बघतायत, रस्त्यावर गाय आडवी आली असावी अशा नजरेनं, आणि बाजूच्या सीटवर चहाचा कप आहे.

स्टेटसला टाकू का, असं तिनं विचारलं. केवळराम म्हणाले, टाका, पण भंगारवाल्यायले दिसू देऊ नका. तिनं खाली लिहिलं, "चिचघाटची जीप. सध्या कारध्यात उभी आहे."

इतर फोटोंवर लोक हसरे चेहरे पाठवायचे. यावर दुपारपर्यंत काहीच आलं नाही. मग डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरचा फोन आला. त्याची मेहुणी चिचघाटची. तिनं फोटो आपल्या गावठाणाच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तिकडं लोक विचारत होते, केवळरामभाऊ आहेत का अजून? कुठं आहेत? पत्ता द्या. संध्याकाळपर्यंत अनोळखी नंबरांवरून इतके फोन आले की बाबुलालला खुर्ची सोडून एकेकाला कारध्याची वाट समजावून सांगावी लागली.

"ही बाई निवृत्त झाली का पुन्हा ड्यूटीवर लागली," तो फोन ठेवून म्हणाला. पण पुढच्या रविवारी सगळ्यात आधी तयार होऊन तोच फाटकाशी उभा होता.

रविवारी चिचघाटचे लोक कारध्याला आले. काही बसनं, काही मोटारसायकलींवर, काही एका टेम्पोत भरून. रीताच्या अंगणात मावेनात. आधी सगळे लांबच उभे राहिले, संकोचल्यासारखे. मग एक म्हातारी पुढं झाली आणि तिनं जीपच्या मागच्या फळीवर हात ठेवला. "माही धानाची ढोली इथी बांधली होती," ती म्हणाली. "केवळराम, तू म्हणे, माय, भरून ने, रिकामी कायले नेतं."

मग एकेकाला आठवू लागलं. कुणाची चौकट या कमानीला बांधून आली होती आणि आजही नव्या घराला तीच आहे. कुणाचा आजारी बाप मागच्या बाकावर गादी टाकून आला. शाळेचा फळा आला, आणि येताना पावसात भिजून त्यावरचा सुविचार पुसला गेला, म्हणून मास्तर रागावले होते. एकजण जीपच्या खाली वाकून बघत होता, कारण त्याची बकरी सामान नेतानाच्या एका खेपेत चाकापाशी अडकली होती.

पुष्पाबाई नावाची एक बाई आपल्या लेकीला हाताला धरून पुढं घेऊन आली. लेक टीना, नर्सिंगला शिकत होती, शहरी कपड्यांतली.

"ही याच जीपात झाली," पुष्पाबाई म्हणाली. "अड्याळच्या दवाखान्यात नेऊन राहिले होते मले. बोथली फाट्यावरच झाली."

टीनानं आईकडं पाहिलं, मग मागच्या बाकाकडं. "इथंच?"

"इथंच. काकाजी समोर पाहून गाडी हाकत होते आन मोठमोठ्यानं हनुमान चालीसा म्हणत होते, मागचं ऐकू नाई यावं म्हणून."

"येत नव्हती मले," केवळराम म्हणाले. "अर्धीच येत होती. तेच तेच म्हटलं."

अंगण हसलं. टीना हळूच चढून त्या बाकावर बसली. तिनं हातानं फळी चाचपली, आणि मग आपल्याच फोनवर आपला फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

दुपारी पंगत बसली. रीतानं आणि शेजारणींनी भात शिजवला, वांग्याची भाजी केली, टेम्पोवाल्यांनी नदीची मासोळी आणली होती तिचा रस्सा झाला. वच्छलाबाई वाढता वाढता प्रत्येकीची चौकशी करत होत्या, मुली किती, शिकल्या काय, कुठं दिल्या. त्यांचा हिरवा पडदा आणि न मावणारी गाडी पंगतीतल्या निम्म्या बायांना माहीत होऊन गेली. बाबुलाल एका म्हाताऱ्याशी फॅक्टरीतल्या गोष्टी बोलत सावलीत रमला.

जेवणं झाल्यावर गावठाणातल्या लोकांनी विषय काढला. जीप आमच्याकडं द्या, म्हणाले. टॅक्टरनं ओढून नेऊ. चौकात शेड करून ठेवू, गावाची आठवण म्हणून. बोलणं चांगल्या मनानं होतं. रीताही बापाकडं बघू लागली, कारण पावसाळ्यात जीपखाली साप निघत.

केवळराम बोटांनी स्टिअरिंगच्या कडा चाचपत राहिले. रत्नमालाला वाटलं, आता नाही म्हणतील आणि उठून आत जातील.

"जीप इथंच राहू द्या," ते म्हणाले. "मले इथं बसाची सवय आहे. पण मी येईन."

"कधी येता?"

"बस जाते ना आता तिकडं?"

"जाते न जी. सकाळची आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग त्यानं येईन."

एवढी वर्षं बसच्या पुढं गाडी हाकलेला माणूस बसनं येईन म्हणतोय, हे ऐकून जुनी माणसं एकमेकांकडं बघू लागली. रत्नमालाला बोलायला बरंच काही सुचलं होतं. पण तिनं पुष्पाबाईच्या हातातलं भाताचं पातेलं घेतलं.

पहिल्या फेरीला केवळराम निघाले, तेव्हा रत्नमाला आणि वच्छलाबाई त्यांना बसवून द्यायला कारध्याच्या थांब्यावर गेल्या होत्या. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात रीताच्या परसातल्या वांग्यांची पिशवी. बस आली. दारात एक तरुण कंडक्टर मुलगी होती. केवळराम पायरीवर एक पाय ठेवून थांबले आणि आत किती गर्दी आहे त्याचा जुन्या धंदेवाईक नजरेनं अंदाज घेऊ लागले.

"काका, आत सरका न लवकर," ती मुलगी म्हणाली. "मागं लोक आहेत."

"सरकतो बाई," केवळराम म्हणाले. "तुमचा आवाज लहान आहे. या बाईकडून शिकून घ्या."

मुलीनं खाली पाहिलं. रत्नमालाला ओळखून तिनं हसून नमस्कार केला, आणि मग वरच्या पट्टीत बसच्या शेवटपर्यंत हाक घातली. लोक सरकले. केवळरामांना खिडकीची जागा मिळाली. बस हलली तशी त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि टोपी सावरली. त्यांचं लक्ष आता पुढच्या रस्त्याकडं होतं. या दोघींकडं बघायचं ते विसरूनच गेले.

"चहा घेऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "मग माहेरी चक्कर मारू. परवा पंगतीत एक बाई भेटली वो, तिची भाची तलाठी आहे म्हणे, लग्नाची."

"चला," रत्नमाला म्हणाली, आणि दोघी रस्ता ओलांडून टपरीच्या बाकावर जाऊन बसल्या.